सटवाजीची रापी आणि एकेचाळीस पाती

श्री. जिचे एका हाती शस्त्र आणि दुसऱ्या हाती अन्नाची पळी, ती माउली लिहिणाऱ्याचे पाठीशी उभी असो.

धाकट्या स्वामींनी विचारिले की, आमचे राज्यात लोक झिजक्या सुऱ्या जमवितात, भिंतीस टांगतात, पाहुण्यास पाणी देण्याआधी त्या दाखवितात, हे वेड कोठून उत्पन्न जाले, ते साद्यंत लिहोन आणावे. त्यास आज्ञेप्रमाणे लिहिले आहे, आणि कोणास आवडावे म्हणोन अक्षर इकडचे तिकडे केले नाही; रागावणारांनी खुशाल रागवावे. कोणी सांगतात की, परमुलखीचे सौदागराने मोत्यांचे मुठीचा खंजीर नजर केला तेव्हापासून हा छंद लागला. ते साफ खोटे. मोत्यांची मूठ पाहून मनुष्यास मोत्यांचे वेड लागते, पात्याचे लागत नाही. खरी हकीकत ऐसीजे.

थोरले स्वामींचे कारकीर्दीत, शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरी, सरकारवाड्याचे मुदपाकखान्यात ठकूबाई म्हणोन बाई भाजी चिरण्याचे कामावर होती. तीस वर्षांची चाकरी, हाताखाली बारा बायका आणि बारा विळ्या. कच्ची भाजी तिणे चिरिलेली चालत असे, शिजल्यावर पातेल्यास तिचा हात चालत नसे, ऐसा तेथील न्याय. विळीचे काम ऐसे की पाते जागचे हलत नाही, भाजी फिरते. म्हणोन तीस वर्षांत ठकूबाईने पाते कधी हातात धरिले नव्हते, पात्यापुढे हात मात्र रोज धरिले होते, आणि बोटांवर त्याच्या खुणा होत्या. एके दिवशी वाड्याचे मागील दरवाजाशी तिचे वहाणेचा अंगठा तुटला. तेथे करंजाचे झाडाखाली सटवाजी म्हणोन जोडे शिवणारा बसत असे. त्याणे वहाण मांडीवर घेतली आणि रापीने कातड्याची वादी कापू लागला, आणि ठकूबाईची नजर त्या रापीवर गेली ती तेथेच राहिली. चामडे कापण्याचे हे पाते अर्धगोल असते, परंतु सटवाजीची रापी डावे अंगाने पार झिजली होती आणि उजवे अंगाने नवीसारखी होती.

ठकूबाई बोलिली, “सटवाजी, ही अशी एकाच अंगानं कशी रं झिजली?”

सटवाजी बोलिला, “माजा हात डावीकडं वढतो, बाई. ल्हानपनी मनगाट मोडलं, ते वाकडंच बसलं. लई वर्सं हिला घासून सरळ करीत हुतो. मग म्हनलं, हो बाई तुला व्हायचं तशी.”

“आता हिचं काय करनार?”

“लोहाराला देतो. चार खिळं करील.”

“मला दे.”

“तू काय जोडं शिवनार हाईस व्हय?”

“न्हाई. मला ती अशीच पायजे.”

सटवाजी हसला, आणि मग हसायचा थांबला, कारण बाईचे तोंडावर थट्टा नव्हती. त्याणे रापी दिली. ठकूबाई घरी आली आणि रापी मुठीत धरिली, तों ती बसेना. मग मनगट थोडे डावीकडे वळविले आणि रापी हातात अशी बसली की बाईच्या अंगावर काटा आला, कारण आपले हातात दुसऱ्याचा हात आला ऐसे तीस वाटले. छंद लागला तो त्या घटकेस लागला. धार पाहून नव्हे, मूठ पाहून नव्हे. एक मनुष्य चाळीस वर्षे लोखंडावर झिजला आणि लोखंड त्याच्यासारखे जाले, हे पाहून लागला. दादला ताटावर बसला होता, तो बोलिला, “कातड्याची रापी घरात?” ठकूबाई बोलिली, “घरात हाय, तुज्या ताटात न्हाई. जेव गप.” आणि चुलीवरचे भिंतीस खिळा ठोकून रापी टांगिली.

मग तिचे डोळ्यांस दुसरे काही दिसेना. न्हाव्याचा वस्तरा झिजून गवताचे पात्याएवढा जाला होता, तो मागितला. बुरुडाची बांबू तासण्याची सुरी मागितली. दफ्तरचे कारकुनाचा बोरू तासण्याचा चाकू मागितला, त्याचे लाकडी मुठीस अंगठ्याएवढा खळगा पडला होता. भटजींची दर्भ कापण्याची सुरी मागितली. भटजी आधी रागावले, मग तिसरे दिवशी आपण होऊन घेऊन आले. नवे पाते कोणी दिले तर बाई घेत नसे. ज्याचा धनी त्यात दिसतो तेच भिंतीवर चढे, आणि पाहण्यास कोणी आला म्हणजे बाई एकेकावर बोट ठेवोन धन्याचे नाव घेई. येणारा मनुष्य आधी हसे, मग घरी जाऊन आपले आजाचा कोयता माळ्यावरून काढी आणि उन्हात धरून घटकाभर पाहत बसे. या प्रकारे चार महिन्यांत नगरातील तीनशे घरांस हे वेड लागले, आणि ठकूबाईचे भिंतीवर एकेचाळीस पाती जाली. त्याच वर्षी सटवाजी तापाने वारला. त्यास मूल नव्हते. त्याचे झोपडे दिवाणांचे हत्तीस रस्ता रुंद पाहिजे म्हणोन मोडिले आणि करंजही तोडिला. सरकारी दफ्तरात सटवाजी म्हणोन कोणी होता ऐशी एक ओळ नव्हती. मनुष्य इतका पुसला जातो, याचा ठकूबाईस फार संताप आला, आणि ती रोज सकाळी विळीवर बसण्याआधी रापीवर बोट ठेवोन त्याचे नाव घेऊ लागली.

त्या समयी दिवाण रघोपंत होते. संवत्सर दुर्मुख होते आणि दिवाण त्यास शोभतील ऐसे होते. हेरांनी त्यांस खबर दिली की, घरोघर हत्यारे जमतात, बंडाचा रंग दिसतो. दिवाणांस बंडाचे भय फारसे वाटले नाही, कारण झिजक्या वस्तऱ्याने राज्य बुडत नाही हे त्यांसही कळत होते. परंतु भटजींची दर्भाची सुरी आणि सटवाजीची रापी एका भिंतीवर पात्यास पाते लागून टांगिली आहेत, हे ऐकोन त्यांचे मस्तक फिरले. अठरापगड जातींची पाती एके ठिकाणी! आज पाती शेजारी लागली, उद्या जेवणाचे पाटही लागतील. मग हुकूम निघाला की, श्रावण वद्य पंचमीस दोन प्रहरी सर्वांनी जमविलेली पाती वाड्याचे चौकात सरकारच्या हवाली करावी, ती भट्टीत घालोन वितळवावी, आणि जो न आणील त्याची चाकरी गेली व तो नगरातून हद्दपार.

दादला ठकूबाईचे पाया पडला आणि बोलिला, “देऊन टाक. तीस वर्सांची भाकर हाय. लोखंडाचं काय एवढं?” ठकूबाई बोलिली, “भाकर दुसरी मिळंल. सटवाजी दुसरा कुटनं आनू?” तरी पंचमीस तिणे एकेचाळीस पाती टोपलीत घातली आणि चौकात गेली, कारण न जाता दादल्याचे छप्पर जाणार होते. दिवाण ओट्यावर उभे होते. त्यांचे हुजऱ्याने हात पुढे केला. ठकूबाईने रापी काढली आणि त्याचे हातात न देता फरसावर ठेविली, आणि बोलिली, “धारंची वस्त हातोहात देत न्हाईत. भांडान लागतं. ज्याला पायजे त्यानं उचलावी.” हा रिवाज सर्वांस ठाऊक, दिवाणांचे घरीही हाच रिवाज, म्हणोन हुजऱ्याने हात मागे घेतला. मग बाईने एकेक करून एकेचाळीस पाती फरसावर मांडिली.

दिवाण हुजऱ्यास बोलिले, “उचला.” हुजऱ्याने रापीकडे पाहिले, वस्तऱ्याकडे पाहिले, आणि तीन पावले मागे सरला. “दिवाणजी, मला विटाळ होईल.” दुसऱ्यास सांगितले, तोही मागे सरला. दिवाणांनी हुकूम लिहिताना सर्व विचार केला होता, परंतु या पात्यांस हात कोण लावील याचा केला नव्हता. मग जोडे शिवणारांचे वस्तीतून एक म्हातारा आणविला आणि रापी उचल म्हणोन फर्माविले. तो हात जोडोन बोलिला, “सटवाजीनं दिलेली वस्त हाय. दिलेलं आमी माघारी घेत न्हाई.” न्हाव्यास आणिला, तोही तेच बोलिला. भट्टीचे लोहारास आणिला, तो बोलिला, “भट्टीत पडंल ते वितळवीन. भुईवरचं उचलनं माजं काम न्हवं.” दिवाण ओरडले की, केरसुणीने लोटा. तेव्हा झाडणारी बाई कमरेवर हात ठेवोन बोलिली, “दसऱ्याला ह्यांची पूजा बांधता आन् आता केरसुनी लावू? तुमीच लावा.” इतक्यात नगरातील बाकी लोक येऊ लागले, आणि जो येई तो आपले पाते फरसावर ठेवी आणि हात बांधोन उभा राही, आणि घटकाभरात चौकात पाय ठेवण्यास जागा राहिली नाही, आणि दिवाण ओट्यावरच अडकले.

तों स्वामींची पालखी आली. धार ओलांडावी कशी म्हणोन भोई थांबले. स्वामी खाली उतरले आणि विचारिते जाले, “हे काय मांडिले आहे?”

दिवाण बोलिले, “बंडाचे साहित्य आहे, महाराज.”

ठकूबाई बोलिली, “मानसं हाईत, महाराज.”

आणि तिणे नावे घेण्यास आरंभ केला. ही धोंडू बुरुडाची, हा येसबा न्हाव्याचा, हा केसो कारकुनाचा, आणि प्रत्येक नावास त्याचे पाते कोठे झिजले आणि का झिजले ते सांगे. स्वामी ऐकत होते. दिवाण बोलिले, “पुरे कर!” बाईने वळोन पाहिले आणि एका आखूड सुरीवर बोट ठेविले. “ही भागाई सुइनीची. दिवानजी, तुमची नाळ हिनंच कापली. मदी बोलू नका.” चौकात कोणी हसले नाही. दिवाणांचा हात मात्र आपोआप पोटाकडे गेला.

मग स्वामी आपण वाकले. त्यांणी रापी उचलिली. ती हातात बसेना, तेव्हा त्यांणी मनगट इकडे तिकडे करोन पाहिले, आणि डावीकडे वळविले तों ती बसली. स्वामींचा चेहरा पालटला. बोलिले, “हा कोण?”

“सटवाजी. तुमच्या पायातला जोडा त्यानं शिवला, महाराज. सोळा वर्सं तुमचं समदं जोडं त्यानंच शिवलं. डाव्या जोड्याचा टाका तिरका हाय, बघा.”

स्वामींनी खाली पाहिले. टाका तिरका होता. मग बोलिले, “ही आम्हांस दे.”

“न्हाई.”

हुजऱ्यांचे हात तलवारींस गेले. ठकूबाई जागची हलली नाही. ती बोलिली, “तुमच्याकडं हिऱ्यांच्या कट्यारी हाईत. त्यातली येक तरी तुमच्या हातानं झिजलीया का? आधी येक झिजवा, महाराज. मग माज्या भितीवर तुमच्यासाठी खिळा ठोकीन. सटवाजी मी कुनाला देनार न्हाई.”

स्वामींनी रापी बाईचे हातात दिली नाही. फरसावर ठेविली आणि मागे सरले, आणि ठकूबाईने वाकून उचलिली. मग लोकांनी आपआपली पाती उचलिली. स्वामींनी हुकूम रद्द केला नाही आणि चालविलाही नाही; जाताना केसो कारकुनास इतकेच बोलिले की, जोडे शिवणाऱ्याचे नाव लिहोन ठेवा. दिवाणांनी त्याच सायंकाळी ठकूबाईची चाकरी तोडिली. तिणे विळी मुदपाकात ठेविली आणि टोपली डोईवर घेऊन घरी आली, आणि चुलीवरचे भिंतीस एकेचाळीस पाती होती तशी टांगिली, न्हाव्याचे पाते भटजींचे पात्यास लावून, आणि मुद्दाम.

येणेप्रमाणे छंद उत्पन्न जाला, याची हकीकत इतकी. यात कमीजास्त असेल तो लिहिणाऱ्याचा दोष, ठकूबाईचा नव्हे. पाती हवाली करावी हा हुकूम दफ्तरात शिक्क्यासह अद्याप कायम आहे. पातीही भिंतीवर कायम आहेत.