चिरंजीव प्रेमानंद यांनी शिग्रेट टाकून वाफेचे यंत्र धरिले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. मजकूर ऐसा जे, पोटचा पोर आईस फसवितो, बाथरूमचा पंखा लावून शिग्रेट ओढितो, आणि वर तोंडात बडीशेप कोंबून देवापुढे हात जोडितो, हे वर्तन कोणत्या शास्त्रात बसते ते शिकल्यासवरल्यांनी सांगावे. सदरहू चिरंजीव प्रेमानंद, वय एक्केचाळीस, आखाती मुलखात रुवीच्या वर्कशॉपात एसीचे फोरमन, बावीस वर्षे धुराचे ताबेदार. तीर्थरूप विडीपायी छातीने गेले, तरी यांस अक्कल नाही. मग यांचीही छाती भात्यासारखी वाजू लागली आणि डॉक्टरांनी फोटो काढून निर्वाणीचे सांगितले, तेव्हा खाशी स्वारी मातोश्री प्रमिलाबाईसाहेब देवगडाहून कूच करोन, विमानातील बेचव उपमा सोसोन, चिरंजीवांचे बिऱ्हाडी हमरियात दाखल जाहली, आणि फर्मान सुटले की एक माणूस धुरास दिले, दुसरे देणे नाही.

मग चिरंजीवांनी मसलत केली, आणि दोस्त राजीव याने दुबईहून शिग्रेटीचे बदली ओढावयाचे, व्हेप म्हणतात ते वाफेचे यंत्र आणिले. या मुलखात त्याच्या विक्रीस सरकारी मनाई, म्हणोन ओढावे कैसे हे पुसण्यास दुकानदार नाही, आणि राजीव तर “यल्ला, चल, एकदम सोपं आहे,” म्हणोन पसार. चिरंजीवांनी शिग्रेटीची पाकिटे सूनबाई स्नेहल यांचे हवाली केली, त्यांनी ती कात्रीने कापून रवाना केली. मग शुक्रवारी दिवेलागणीस बाल्कनीत मोर्चा बांधिला, यंत्रात कापसाची कोरी गुंडाळी बसविली, आंब्याच्या वासाचा अर्क ओतिला, आणि ओतताक्षणी कळ दाबोन, बावीस वर्षांच्या सवयीने, छातीभर झुरका मारिला.

जळक्या कापसाचा भपका घशात शिरोन ऐसा खोकला उठला की रस्त्यावरचे टॅक्सीवाले वर पाहू लागले. चिरंजीवांनी यंत्र आपटिले, खलास म्हणाले, चपला चढविल्या आणि शिग्रेट आणावयास खालच्या बकाल्याकडे, म्हणजे वाण्याकडे, निघाले. स्नेहल दारात आडव्या जाहल्या. “आई, हे चालले बघा!” प्रसंग बाका.

मातोश्री समईत वात घालीत होत्या. पदर नाकास लावोन त्यांनी ते यंत्र उघडिले, आत काळा कोरडा कापूस पाहिला, आणि मर्म उमगले. मातोश्री दुसरी इयत्ता शिकलेल्या, चिरंजीव डिप्लोमावाले. तरी वात भिजल्यावाचून पेटवू नये हे डिप्लोम्यात नव्हते. हुकूम जाहला की नवी गुंडाळी बसवावी, अर्क घालावा, यंत्र दाराशी चपलांच्या फळीवर ठेवावे, आणि दोन आरत्या होईतो त्यास शिवू नये. चिरंजीव घामाघूम, डोळा दाराकडे, ऐशा अवस्थेत, पायी चपला म्हणोन देवापासून दूर उभे राहोन, टाळ्या वाजविते जाहले. मग मातोश्रींनी बजाविले की गरम चहा फुंकून पितात तैसा बेताने घोट घ्यावा. घेतला. खोकला नाही. चपला पायातून उतरल्या.

ऐसी फत्ते जाहली. त्या दिवसापासून सतरा दिवस शिग्रेट एकही नाही, हे कलमबंद करणे प्राप्त. अठराव्या दिवशी चिरंजीव आंब्याचा वास सोडीत, फुशारकीने, मातोश्रींपुढे उभे राहिले, तेव्हा निवाडा तोंडी सांगितला तो येणेप्रमाणे:

“पम्या, छाती कमी फुगव. कापूस भिजवायला शिकवला तो तू खाली जाऊ नयेस म्हणून, हे ढोंग आवडलं म्हणून नाही. हेही सुटेल त्या दिवशी मी परतीचं तिकीट काढीन. तोवर माझा व्हिसा वाढवून घे. आणि जरा घाई कर रे, स्नेहलही दिवस मोजत्येय.”