वरचं बेट, खालचं बेट

एका जंगलात, बाळांनो... हो, चारी बाजूंनी समुद्र असला की त्याला बेट म्हणतात, हे मलाही ठाऊक आहे. मध्ये बोलू नका.

तर त्या बेटावर माकडं होती आणि रानडुकरं होती. माकडं माडावर चढून नारळ खाली टाकायची. डुकरं ते सुळ्यांनी सोलून फोडायची. मग सगळे मिळून खायचे. यात काही चुकतंय असं पिढ्यान्‌पिढ्या कुणाला वाटलंच नाही. अडाणीच सगळे!

पुढे माकडांत शेपटाजीराव आणि डुकरांत सुळोबा असे दोन पुढारी निघाले. दोघांनाही राजा व्हायचं होतं. बेट मात्र एकच. काय करतील बिचारे?

"वाटणी करू," शेपटाजीराव म्हणाले. "जमिनीच्या वर जे जे, ते आमचं."

"आणि जमिनीवर जे जे, ते आमचं," सुळोबा म्हणाले.

दोन्हीकडे गुलाल उधळला. दुसऱ्या दिवसापासून माकडं नारळ कवटाळून वर बसली. खाली पडला की तो परक्यांचा! डुकरं उन्हात बसली, कारण सावली झाडाची, म्हणून तिच्यावर कर. विहीर जमिनीवर, म्हणून माकडांना पाणी बंद.

झिपरी माकडिणीचं तान्हं पोर तहानेनं रडून रडून गप्प झालं.

"गब्दूभाऊ, एक शहाळं सोलून देता का हो?" तिनं खाली हाक मारली.

गब्दू डुक्कर तिचा जुना शेजारी. "टाक गं बाई," तो म्हणाला. "तो कायदा गेला खड्ड्यात. पोर जगू दे."

झिपरी खाली उतरली. पोर घटाघटा प्यायलं. आणि दोन्हीकडच्या शिपायांनी दोघांना फितूर म्हणून तिथंच पकडलं.

आता तुरुंग कुणाच्या हद्दीत बांधायचा? शेवटी किनाऱ्यावरचा कातळ ठरला. तो ना झाड, ना जमीन, असं दोन्ही सरकारांचं मत पडलं. त्याच्या कपारींत माड होते, झराही होता. पण भांडणाच्या नादात ते कुणी बघितलंच नव्हतं.

तुरुंगात झिपरी माडावर चढायची, गब्दू नारळ सोलायचा. पोर खिदळायला लागलं. ते खिदळणं साऱ्या बेटावर ऐकू गेलं.

संध्याकाळी एक म्हातारं डुक्कर मुद्दाम कर न भरता सावलीत जाऊन बसलं. "धरा मला, धरा!" ते ओरडलं. मग एका माकडानं नारळ खाली टाकला. मग रांगच लागली. शेवटी पकडणारे शिपाईसुद्धा गुन्हा करून आत गेले.

बाहेर उरले दोघेच. वर शेपटाजीराव, नारळ हातात, पण फुटेना. खाली सुळोबा, सुळे तयार, पण नारळ नाही.

"सुळोबा, हे बरं नव्हे," शेपटाजीराव कळवळून म्हणाले. "तुरुंगाचीही वाटणी करायला हवी."

"अगदी मनातलं बोललात!"

पण उपाशीपोटी का कधी वाटाघाटी होतात? शेपटाजीरावांनी नारळ खाली टाकला. सुळोबांनी तो फोडला. दोघांनी मिळून खाल्ला आणि ढेकर देत ते कातळाकडे निघाले.

पोर अजून खिदळत होतं.

तात्पर्य : एकीचं बळ फार मोठं असतं, मुलांनो. म्हणून ती पुढाऱ्यांनीच करावी. बाकीच्यांनी आपापल्या हद्दीत राहावं.