बंबावरची नोटीस

मंगळवारी सकाळी नगरपालिकेचा माणूस आला आणि त्याने दत्तूअण्णांच्या बंबावर नोटीस चिकटवली. बंब पेटलेला होता. डिंक वितळला, कागद घसरत खाली आला आणि एका कोपऱ्याला पेटला. अण्णांनी तो चिमट्याने उचलला, जाळात सारला आणि विचारलं, "दुसरी हाय का? ही लगीच जळाली. चांगला सुका कागद वापरताय तुमी."

माणसाने दुसरी नोटीस फाटकाला लावली आणि मोटरसायकलवर बसून तो गेला.

कराडात आमच्या गल्लीत अण्णांच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडे त्यांचा बंब. ज्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: छातीएवढं उंच तांब्याचं पिंप, मधोमध जाळाची नळी, खाली निखाऱ्यांची जाळी, पुढे पितळी तोटी. नळीत जाळ घालायचा, भोवतीचं पाणी तापतं. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी येतं. इतकं साधं यंत्र आहे. अण्णा मात्र त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणत, घरातल्या वडीलधाऱ्याविषयी बोलतात तसा.

गंमत अशी, की या माणसाची सगळी नोकरी कोयनानगरच्या वीजघरात गेली. पस्तीस वर्षं वीज तयार केली आणि आंघोळीचं पाणी एकदाही विजेवर तापवलं नाही. कोणी गिझरचं नाव काढलं की म्हणायचे, "ईज म्या केलीया. तिचा सोभाव मला ठावं हाय. ती लांबच्या लोकांची. घरच्या मानसाला जाळच पायजे."

वीजघरात दर तासाला यंत्रांवरचे आकडे वहीत लिहावे लागत. ती सवय जिभेला लागली होती. कोणतंही वाक्य संपलं की "नोंद घ्या" म्हणायचे. "शेवग्याला शेंगा आल्यात, नोंद घ्या." "तुमचं मांजर आमच्या दुधाला तोंड लावून गेलं, नोंद घ्या." कोयनेच्या धक्क्यांची त्यांना इतकी सवय होती की घरातली भांडी हलली तर ते आधी बंबाकडे बघायचे. बंबातलं पाणी डुचमळलं नसेल तर भूकंप झालाच नाही, असा त्यांचा निवाडा असे. मग सातारच्या यंत्रावर काही का उमटेना.

माणसांची पारख ते आंघोळीच्या पाण्यावरून करत. गार पाण्याची माणसं तापट पण सरळ. कढत पाण्याची माणसं मायाळू. "आनि ह्ये कोमट पान्याचे लोक हायत न्हवं, त्यांच्यावर कवाच इस्वास ठेवू नगा, सर. त्यास्नी काय पायजे ते त्यास्नीच म्हाईत नसतंय." मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं आहे आणि कोमट पाण्याने आंघोळ करतो.

एके काळी थंडीच्या दिवसांत त्या बंबापुढे रांग लागायची. सकाळी वीज नसे, गॅस पुरवून वापरायचा, आणि गल्लीतल्या सातआठ घरांतून बादल्या यायच्या. अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून तोटीपाशी बसत. कोणाच्या घरी पाहुणे आहेत, कोणाची लेक बाळंतपणाला आली आहे, कोणाच्या म्हाताऱ्याचे गुडघे धरलेत, हे बादल्यांच्या संख्येवरून त्यांना कळे. बाळंतिणीची बादली ते स्वतः पोचवत. दारात ठेवून, "कोपर बुडवून बघा आदी, बाळ भाजंल," असं ओरडून परत येत. त्यांची स्वतःची बायको, पार्वतीकाकी, त्याच दिवसांत गेली. दहा दिवस बंब थंड होता. अकराव्या दिवशी पुन्हा पेटला आणि त्या दिवशी गल्लीतल्या एकाही घराने स्वतःच्या गॅसवर पाणी तापवलं नाही.

मग घरोघर गिझर आले. मागच्या मोकळ्या जागेत चार मजली इमारत उभी राहिली, तिच्या गच्चीवर सौरपत्रे बसले. रांग आटत गेली. शेवटी एकच बादली उरली. ती माझ्या बायकोची, सुमतीची. अण्णा रोज सकाळी सहाला भिंतीवर बादली ठेवत आणि तोटीवर चिमटा वाजवत. "वयनी, पानी आलं."

आता नोटिशीकडे वळतो. तिच्यात लिहिलं होतं, की आपण उघड्यावर कचरा जाळून हवा दूषित करत आहात, सदर प्रकार तात्काळ बंद करावा. अण्णांना धूर या आरोपाचं फारसं वाईट वाटलं नाही. त्यांना लागला तो कचरा.

"कचरा? सर, ही करंजाची ढलपी बघा. ह्या शेणी बघा, म्या स्वता बघून आनतो कडेगावास्नं. ह्या करवंट्या. ह्याला कचरा म्हन्तात? आन ती घंटागाडी वली घाण आन सुकी घाण येगळी करा म्हन्ती, आन नाक्यावर जाऊन दोनी एका ढिगात वतती, त्ये काय प्रसाद हाय?"

ते खरं होतं. आम्ही दोघांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं. ते सांगत, मी लिहून घेत असे. ते म्हणत, "लिवा, तुमी झोपला हाय का?" मी लिहीत असे, 'आपले लक्ष वेधू इच्छितो.' वाचून दाखवलं की ते कपाळाला हात लावत. "लय गुळमुळीत लिवता गड्या तुमी. ह्यानं त्यास्नी झोप यील."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागावर काळी काजळी पडते. दोरीवरचे कपडे, तुळशीची पानं, वाळत घातलेले पापड, सगळ्यावर बारीक काळे तंतू. हात लावला की फासले जातात. बाईमाणसांनी एकेक कपडा दोनदा धुवायचा. साखर कारखान्याचं धुरांडं गावातून कुठूनही दिसतं. त्याला नोटीस गेल्याचं कोणी ऐकलं नाही. "सर, लिवा," अण्णा म्हणाले, "धुरांड्याला नोटीस चिकटवाया शिडी पुरत नसंल, तर माझ्याकडं हाय. नारळाची. देतो."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं. माझ्या हातचं एवढं एकच वाक्य त्यांना पसंत पडलं.

अर्जाला पुरावा जोडायचा म्हणून त्यांनी चार दिवस स्वतःच्या पांढऱ्या धोतरावर पडलेली काजळी झटकून गोळा केली आणि पिशवीत भरली. मी अर्जाखाली लिहिलं, 'सोबत : काजळी, एक पिशवी.' आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, शिक्का उचलला आणि त्यांची नजर पिशवीवर गेली.

"काका, ही कॅरीबॅग आहे. हिला बंदी आहे."

"आत बघा की बाई, आत काय हाय त्ये."

"आत काही असू दे. पिशवी आत आणता येत नाही. जमा करावी लागेल."

"आन काजळी?"

बाईंनी रजिस्टर चाळलं. काजळी कुठल्या रकान्यात घ्यायची ते त्यांना सापडेना. शेवटी पिशवी जप्त झाली आणि काजळी अण्णांना परत मिळाली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, काजळी तिच्यात ओतली आणि भर दुपारी टोपी ओंजळीत धरून, उघड्या डोक्याने, बसस्टँडपर्यंत चालत आले. वाटेत कोणीतरी विचारलं, "काय अण्णा, अंगारा का?"

"व्हय," अण्णा म्हणाले, "लाव कपाळाला. सरकारी हाय."

पंधरा दिवसांनी एक तरुण साहेब आला. मुलगा सभ्य होता. त्याने बंबाला हात लावून पाहिला, चांगली वस्तू आहे म्हणाला, आणि तोटीला तार गुंडाळून वर शिक्का मारला.

"काका, माझा नाइलाज आहे. वरून आदेश आहेत."

"वरून?" अण्णांनी स्वतःच्या सदऱ्याची बाही त्याच्यापुढे धरली. तिच्यावर काळे ठिपके होते. "वरून काय पडतंय त्ये बघा आदी. आन मला सांगा, तक्रार केली कुनी?"

"नाव गुप्त असतं, काका. मोबाइलवरून येते."

अण्णांनी मागच्या इमारतीच्या चारही मजल्यांकडे एकेक करून पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

तक्रार मी केली होती.

सुमतीच्या फुप्फुसांचं दुखणं तेव्हा दोन वर्षांचं होतं. कसलाही धूर चालणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सकाळी बंब पेटला की तिचा खोकला सुरू होई. मी तिला म्हणालो, अण्णांना सांगू या. ती म्हणाली, "नको. त्यांची ही एकच बादली राहिली आहे. ती पण नको म्हटलं तर ते पहाटे उठतील कशाला?" आणि खोकत खोकत बादली आत घेई. मी तीनदा भिंतीपाशी गेलो. तिन्ही वेळा जास्वंदीवर पडलेल्या किडीबद्दल बोलून परत आलो. मग एका दुपारी फोनवर नगरपालिकेचं तक्रारीचं पान उघडलं. 'उघड्यावर कचरा जाळणे' या चौकोनावर बोट ठेवलं. बंब असा चौकोन तिथे नव्हता. कचरा हा शब्द तिथूनच नोटिशीत गेला.

ती तक्रार मागे घ्यायची सोय त्या पानावर नव्हती. मी शोधली. अण्णांचा अर्ज मी मनापासून लिहिला होता, हे कोणाला पटणार नाही.

बंब बंद झाला. सुमतीचा खोकला काही आठवडे उतरला. मग हंगाम भरात आला, खिडकीच्या कडेवर पुन्हा काळा थर बसू लागला आणि खोकला होता तिथे आला. मी त्याच पानावर त्या धुरांड्याचीही तक्रार केली. उत्तर आलं, की विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. एका म्हाताऱ्याची चूल पंधरा दिवसांत त्यांच्या अखत्यारीत आली होती.

पुढच्या उन्हाळ्यात सुमती गेली.

तिला शेवटची आंघोळ घालायची होती. ते पाणी घरातल्या शेगडीवर तापवत नाहीत, अंगणात तीन दगड मांडून तापवतात. मला काही सुचत नव्हतं. अण्णा भिंतीवरून आले, जाळ घातला, पातेलं ठेवलं. माझा मेहुणा हळूच म्हणाला, "अण्णा, धूर मागच्या इमारतीत जातोय. कोणीतरी तक्रार करेल."

"करू दे," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "आज ज्याला तक्रार करायचीया, त्यानं म्होरं येऊन करावी."

मी शेजारीच उभा होतो. पाणी तापल्यावर त्यांनी कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार पाणी घातलं, पुन्हा पाहिलं. मग बायकांना म्हणाले, "न्या आता. सोसंल वयनीला."

तेरावा झाल्यावर मी भिंतीपाशी गेलो आणि त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. ते शेणींचा ढीग उतरवत होते, कोणालातरी देऊन टाकायला. आणखी एक शेणी उचलली आणि विचारलं,

"मग अर्ज कशाला लिवला?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

"वयनीला धूर लागत हुता?"

"हो."

त्यांनी हातातली शेणी खाली ठेवली. "आवं सर, ह्या भिंतीवरनं हाक मारायची हुती. अण्णा, बंब इजवा. एवढंच. म्या त्याच घटकंला पानी वतलं असतं. नगरपालिकेला सांगितलं, मला न्हाई सांगितलं. एवढा परका हुतो व्हय मी?" मग म्हणाले, "आन म्या तिला रोज हाक मारून उठवत हुतो. उठ, आन खोक."

ते घरात गेले आणि दार लावून घेतलं. नोंद घ्या म्हणाले नाहीत.

दीड महिना ते माझ्याशी बोलले नाहीत. नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. अण्णा दारात उभे होते, डोक्यावरून आंघोळ केलेली. म्हणाले, "गार पान्यानं केली. च्या हाय का?"

तेव्हापासून ते रोज सहाला येतात. मी गॅसवर चहा ठेवतो. तो पाणचट झाला आहे असं ते म्हणतात आणि पितात. आम्ही फारसं बोलत नाही. भिंतीपलीकडे बंब उभा आहे, शिक्का तसाच आहे.