नवसाचं माप

माझ्या नवऱ्याने पावणेदोन वर्षं वांगं खाल्लं नाही, यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. नवस खैरनार अण्णा बोलले होते.

गोष्ट शहाण्णव सालची. अण्णा आणि त्यांच्या बायको सिंधूताई सातपूरला आमच्या शेजारच्या घरात नुकते राहायला आले होते. आमची मीनल तेव्हा चार वर्षांची. तिला ताप आला, तो तीन दिवस हटेना. चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या औषधाने उतरला आणि त्याच संध्याकाळी अण्णा दारात उभे. त्यांनी मीनलच्या कपाळाला हात लावून पाहिला, समाधानाने मान हलवली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "साहेब, नवश्या गणपतीला तुमच्या नावानं बोललो होतो. पावणेदोन वर्षं वांगं बंद. तेवढं करून टाका."

माझ्या नवऱ्याची देवावर जेमतेम श्रद्धा होती, वांग्यावर मात्र अढळ. त्याने विचारलं, नवस तुम्ही बोललात तर वांगं मी का सोडायचं? अण्णांना असल्या अडाणी प्रश्नांची सवय असावी. त्यांनी न चिडता समजावलं. ज्याच्या घरात दुखणं आहे त्याने स्वतः नवस बोलू नये. तो भ्यालेला असतो, आणि भ्यालेल्या माणसाचं माप चुकतं. बोलावं शेजाऱ्याने, फेडावं घरच्याने. आणि पावणेदोनच वर्षं का, तर एक वर्ष कमी पडत होतं आणि दोन जरा जास्त होत होती. नवऱ्याने सगळं हसण्यावारी नेलं. पण मीनल शिंकली की भरताच्या वाटीकडे गेलेला त्याचा हात आपोआप मागे यायचा. असं करता करता पावणेदोन वर्षं भरली.

अण्णा एका कारखान्यात तयार माल तपासायला होते. दिवसभर हातात जाडी मोजायचं गेज. बोल्ट केसभर जाड असला तरी रिजेक्ट, केसभर बारीक असला तरी रिजेक्ट. तेच डोळे घेऊन ते देवळात जात. 'नवसाला माप लागतं' हे त्यांचं पालुपद होतं. कॉलनीत कुणाचं दुखलं-खुपलं की आजाऱ्याला रिक्षात घालेपर्यंत अण्णा चपला घालून बाहेर पडलेले असत. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा अण्णा सेक्रेटरींची मिशी बोलून मोकळे झाले. पाटीलबाईंची सून बाळंतपणात अडली, तेव्हा अण्णा बोलले की सुटका नीट झाली तर पाटीलबाई चाळीस दिवस सुनेला एक अक्षर बोलणार नाहीत. ती सून अजून अण्णांच्या पाया पडते.

देवही ते कामाप्रमाणे निवडत. लहान मुलांचं नवश्या गणपतीला. ऑपरेशनचं नाशिकरोडच्या बाळ येशूला, कारण 'तिथं सिस्टर लोकं असतात, त्यांना दवाखान्यातलं कळतं'. बदली-बढतीचं एका पीरबाबाला. अण्णा मूळचे चांदवडचे, देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वाढलेले. पण देवीचं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिला नको त्रास," आणि अंगणातला पाण्याचा पाइप गुंडाळायला निघून गेले.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. देवाशी माझं वैर नव्हतं, पण ओळखही नव्हती. त्यामुळे अण्णांची चेष्टा करणं हे मी माझं कर्तव्यच मानलं होतं. सिंधूताईंशी मात्र माझं गूळपीठ. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत होती. तिच्यावरून रोज सकाळी शाळेला निघण्याआधी एक आणि संध्याकाळी परतल्यावर एक असा गवती चहा घातलेला कप इकडे यायचा. मधले चार कप मी माझे प्यायची. अण्णांबद्दल तक्रार केली की सिंधूताई हसायच्या आणि म्हणायच्या, यांचं मनावर घेऊ नका हो, पण फेडून टाका.

मग दोन हजार नऊचा ऑगस्ट आला आणि पुण्याकडून स्वाइन फ्लूच्या बातम्या यायला लागल्या. शाळा बंद झाल्या. लोक तोंडाला रुमाल बांधून मेथीची जुडी निवडायला लागले. ज्याच्या त्याच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. मुलांना विषाणू शिकवणारी मी, माझ्याही पर्समध्ये एक होती, फक्त मी ती कुणाला दाखवत नव्हते. अण्णांना तर दिवस पुरेना. कुठून शिंक ऐकू आली की ते निघाले. आठवड्याभरात अख्खी कॉलनी काही ना काही सोडून बसली. सेक्रेटरींची मिशी कुठे नीट वाढली होती, ती पुन्हा पणाला लागली.

आणि सिंधूताईंना ताप आला. दोन दिवसांत धाप लागायला लागली. सरकारी दवाखान्यात त्यांना वेगळ्या वॉर्डात ठेवलं आणि घशातला नमुना पुण्याला पाठवला. अण्णांना आत सोडत नव्हते. ते समोरच्या झाडाखाली दिवसभर उभे राहायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. इकडे कॉलनीत त्यांच्या फाटकावरून जाताना लोक श्वास रोखून धरायचे. सेक्रेटरींनी फोन करून सांगितलं की थोडे दिवस आरतीला येऊ नका. मी डबा भिंतीवर ठेवायची, तोही हात लांब करून, आणि घरात येऊन साबणाने दोनदा हात धुवायची. त्याची मला अजून लाज वाटते. तेरा वर्षं हा माणूस सगळ्यांसाठी नवस बोलत आला, पण त्याच्यासाठी बोलावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या फाटकाबाहेर उभे होते. मी पुढे झाले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"जवळ नका येऊ बाई. एक काम होतं. सिंधूसाठी गणपतीला बोलून या."

मी म्हटलं, अण्णा, माझा कुठे विश्वास आहे?

"म्हणून तर. तुम्ही भीत नाय. तुमचं माप बरोबर येईल."

इतकी वर्षं जगासाठी बोललात, आता घरच्यासाठी एकदा बोला की, असं मी म्हणाले. ते फाटकाच्या कडीकडे बघत राहिले.

"बोललो होतो एकदा. आमच्या पोरीसाठी. चार वर्षांची होती, ताप उतरंना. देवीपुढं उभा राहिलो आणि भीतीपायी तोंडाला येईल ते बोललो. गुडघ्यावर डोंगर चढीन, जन्मभर चप्पल घालणार नाय, मीठ खाणार नाय. लय बोललो. देवीलाबी कळलं आसंल, हा काय एवढं फेडत नाय." मग म्हणाले, "माप चुकलं बाई माझं."

तेरा वर्षांत हे मला माहीत नव्हतं. सिंधूताईंनी एवढ्या कपांमध्ये एकदाही सांगितलं नव्हतं. तुमचं काही चुकलं नव्हतं अण्णा, काही ताप तसेच असतात, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांना त्या वेळी ते नको होतं. मी आत जाऊन स्कूटरची किल्ली घेतली.

नवश्या गणपतीच्या आनंदवल्लीला पोचेपर्यंत मी सगळं ठरवून टाकलं. पद्धतीप्रमाणे अण्णांच्याच नावाने बोलायचं. सिंधूताई घरी आल्या तर अण्णांनी पावणेदोन वर्षं दुसऱ्याच्या नावाने नवस बोलायचा नाही. वांग्याचं उट्टं निघणार होतं. मला त्याही परिस्थितीत हसू आलं.

देवळात गर्दी नव्हती. रुमाल बांधलेली चार माणसं आणि नवस फेडणाऱ्यांनी टांगलेल्या घंटा. मी हात जोडले, डोळे मिटले, आणि भिंतीवरून कप पुढे करणारा सिंधूताईंचा हात दिसला. हिरव्या बांगड्या, एक बोट भाजलेलं. ही बाई आता परत येणार नाही असं वाटलं. मी ठरवलेलं सगळं विसरले. अण्णांचं नावसुद्धा विसरले. सिंधूताईंना घरी आण, मी जन्मभर चहा पिणार नाही, एवढंच मी म्हणाले.

रिपोर्ट आला तो फ्लूचाच होता, पण गोळ्या वेळेवर सुरू झाल्या होत्या. नवव्या दिवशी सिंधूताई घरी आल्या. मी मनातल्या मनात डॉक्टरांचे आभार मानले. अण्णांनी विचारलं, काय बोललात, आम्ही काय फेडायचं? तुम्हाला काही नाही, असं मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गडबडीत तो विषय राहून गेला.

पुढे पंधरा दिवसांनी सिंधूताई सकाळी भिंतीशी आल्या. अशक्तपणाने अर्धा चहा बशीत सांडला होता. मी म्हटलं, नको हो, ॲसिडिटी झालीय. दुसऱ्या दिवशीही ॲसिडिटी. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मागून अण्णा आले.

"किती दिवसांचं बोललात?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. जन्मभराचं, मी म्हटलं.

"कुणाच्या नावानं?"

"माझ्याच."

तपासायला आलेल्या बोल्टकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"भ्यालात तुम्ही," ते म्हणाले. मी मान हलवली. "आमच्या सिंधूसाठी भ्यालात." त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. सिंधूताई कप धरून तशाच उभ्या होत्या.

मग अण्णा कामाला लागले. जन्मभर हे माप लय झालं, म्हणाले. बोललेलं मागं घेता येत नाही, पण वाटून घेता येतं. सकाळचा चहा ते सोडणार, संध्याकाळचा मी सोडायचा.

"आणि मधले चार कप?" मी विचारलं.

"ते तसेबी जास्तच होते."

तेव्हापासून भिंतीवरून सकाळचा एकच कप येतो. मागे खुर्चीवर अण्णा गरम पाण्याचा पेला घेऊन बसलेले असतात आणि माझा शेवटचा घोट होईपर्यंत उठत नाहीत. संध्याकाळी ते चहा पितात, तेव्हा मी जाऊन भिंतीशी उभी राहते.