अर्धशिशी कुणाच्या घराण्याची

घोडपदेवच्या चाळीत कोंडीरामची अर्धशिशी उठली की चंपाचं तोंड बंद व्हायचं. त्याची कापडगिरणी चालू होती तोवर दोष साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटाचा होता. संप झाला, साचे मुके झाले, पण डोकं ठणकतच राहिलं. कोंडीराम आता दिवसभर घरी, आणि घरात आवाज करणारं दुसरं होतं कोण? दोष बायकोवर आला.

चंपा हातवाऱ्यांनी संसार करू लागली. शिटी नको म्हणून कुकर माळ्यावर गेला. अशी वर्षं गेली. मग शेजारी मीराबाई राहायला आल्या. त्यांना वाटलं, बाई मुकीच आहे. दयाळू स्वभाव, त्यांनी सिद्धिविनायकाला नवस बोलला. आठवडाभराने नळावर चंपा म्हणाली, "हंडा सरकवा जरा." मीराबाई हंडा तिथंच टाकून पेढे आणायला धावल्या. संध्याकाळी नवस फळला म्हणून अख्खी चाळ चंपाचा आवाज ऐकायला तिच्या खोलीत जमली. त्या गलक्यात कोंडीरामचं डोकं असं उठलं की त्याला परळच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यावं लागलं.

"घरात आणखी कुणाला होतं हे?"

"कुणाला नाय. हिच्या बोलण्यानं होतं," कोंडीराम म्हणाला.

"सासूबाईंना होतं," चंपा म्हणाली. "फडकं बांधून अंधारात पडायच्या. त्यांच्या भावालापण."

"मग रक्तातूनच आलं असणार. जनुकांमधले बारीकसारीक फरक आईबापांकडून येतात. असे बरेच जमले की डोकं लवकर बिथरतं, असं दिसतंय. शोध चालू आहे अजून. ऊन, उपास, जागरण नुसती काडी लावतात."

"म्हंजे मी घरात बोलल्यानं नाय होत?" चंपाने विचारलं.

"बायकोच्या बोलण्याचं जनुक अजून कुणाला सापडलेलं नाही."

परतताना कोंडीराम भराभर पावलं उचलत होता. चंपाचं इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं आता सुटणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं. पण घरी येऊन चंपाने दार लोटलं, कपाळाला फडकं आवळलं आणि आडवी झाली.

"काय झालं गं?"

"अर्धशिशी उठलीय."

"तुझ्या माहेरी तर कुणालाच नव्हती."

"नाव तुमचं लावलं. कुलदैवत तुमचं धरलं. आजारच तेवढा माहेरचा कुठनं आणू?"

कोंडीराम विचारात पडला. हे जनुकात बसत नव्हतं, पण रीतीत चोख बसत होतं. तो उठला, तांदूळ धुतले आणि स्टोव्हला पंप मारायला बसला.

"जरा हळू," फडक्याखालून आवाज आला.