पातळी उंचावण्याबाबत

पोशीरच्या नीलेशने कशेळ्याजवळच्या एका फार्महाउसवर दोन दिवसांचे आत्मविकास शिबिर केले आणि सोमवारी तो विकसित होऊन घरी परतला. स्वतःची पातळी उंचावायची तर खालच्या पातळीची माणसे सोडावी लागतात, असे तेथे चहापानापूर्वी सांगण्यात आले होते. नीलेशने आधी तंबाखू सोडली, मग नाक्यावरच्या गप्पा सोडल्या. त्यानंतर तो माणसांकडे वळला.

आईचे, म्हणजे सोनुबाईंचे, वर्गीकरण 'नकारात्मक' गटात झाले.

"यापुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी नकोत," त्याने आईला कळवले.

"मंग बोलू कनाचं? डाळीचं?"

सोनुबाईंना सुधारणेसाठी एक महिन्याची मुदत देण्यात आली.

बालमित्र जैतूला मात्र सवलत नव्हती. तो टेंपो चालवी, गडगडाटी हसे आणि आयुष्याचे ध्येय विचारल्यावर 'जेवन' असे सांगे. त्याला रीतसर पत्र गेले. विषय : मैत्री संपुष्टात आणणेबाबत. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.

सहाव्या दिवशी जैतू कोरा कागद घेऊन नीलेशकडेच आला. शाळा सुटल्यापासून त्याचे सगळे अर्ज नीलेशच लिहून देत असे.

"लिव ना रं. हरकत हाय म्हनून."

"कारण काय लिहू?"

जैतूने बराच वेळ डोके खाजवले. "लिव, दुसरा दोस्त नाय."

नीलेशने अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली जैतूची सही घेतली, एकदा वाचला आणि कारण भावनिक स्वरूपाचे असल्याने फेटाळला. जैतू कागदाची घडी खिशात घालून निघाला. त्या दिवशी तो हसला नाही.

आता नीलेशला शिबिरातल्या चाळीस जणांच्या ग्रुपचाच आधार होता. पण प्रगती तिथेही जोरात होती. भिसेगावच्या नम्रताताईंना बाकीचे एकोणचाळीस जण खालचे वाटू लागले. त्या बाहेर पडल्या. मग कुणाला अडतीस खालचे वाटले, कुणाला सदतीस. तीन आठवड्यांत ग्रुपवर एकटा नीलेश उरला. तो सर्वांत वर होता की सर्वांत खाली, हे सांगायलाही कुणी नव्हते.

त्याच आठवड्यात कंपनीत त्याला बढती मिळाली. तो धावत घरी आला.

"आई, मी सुपरवायझर झालो!"

सोनुबाईंनी तोंडावर बोट ठेवले. "माझी मुदत चालू हाय."

शेवटी तो नाक्यावर गेला. जैतू टेंपोत बसून वडापाव खात होता.

"जैतू, मला बढती मिळाली रं."

"लेखी आन," जैतू म्हणाला.

नीलेश खाली मान घालून तसाच उभा राहिला. त्याला रडू फुटणार असे दिसताच जैतूने बाजूचे दार ढकलले. "चढ वर. नि हाताखालच्या मानसांना तरी पत्रं धाडू नको."

हे वाचताना तुम्हालाही तुमच्या ओळखीतला एखादा नीलेश आठवला असेल आणि ही गोष्ट त्याला पाठवावी, असे वाटले असेल. अवश्य पाठवा. फक्त आधी मोबाइल उघडून पाहा; त्याने ती तुम्हाला सकाळीच पाठवलेली असेल.