रविवारी नऊ ते दहा

केळापुरेकाकांच्या घरचं वायरलेस इंटरनेट वापरायचं तर अर्ज करावा लागे. खरोखरचा अर्ज. फुलस्केप कागदावर त्यांनी स्वतः पट्टीने चौकटी आखलेल्या होत्या. त्यात नाव, नोकरी, लॅपटॉपचा रंग आणि लॅपटॉपच्या पोटात असतो तो बारा आकड्या-अक्षरांचा क्रमांक भरायचा. शेवटची चौकट ‘वापराचे प्रयोजन’ अशी होती. मी तिथे ‘ऑफिसचे काम’ लिहिलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सिनेमे बघत नाही का, असं विचारलं. खरं काय ते आताच लिहिलेलं बरं, नंतर क्लेमच्या वेळी पंचाईत होते म्हणाले. मी ‘क्वचित सिनेमे’ अशी भर घातली, तेव्हा मंजुरीची सही झाली.

घरोघरी वायरलेस नुकतं येऊ लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी सांगलीहून जयपूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आलो होतो आणि तिथल्या सोडाला भागात काकांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. काका मूळचे यवतमाळचे. आयुष्यभर विमा कंपनीत अधिकारी म्हणून काढलेलं. शेवटची बदली जयपूरला झाली, आणि इथल्या कोरड्या हवेत सुमनकाकूंचा दमा जरा आटोक्यात आला म्हणून निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. मी वयाने त्यांचा मुलगा शोभलो असतो, पण ते मला पहिल्या दिवसापासून ‘अभयराव’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. भाडेकरू हा त्यांच्या लेखी पॉलिसीधारक होता.

राऊटर बसवायला आलेल्या माणसाने पाच मिनिटांत काम उरकलं, नाव ‘अॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अॅडमिन’ असं सांगितलं आणि तो निघाला. काकांनी त्याला थांबवून पुस्तिका मागितली. ती कुणी वाचत नाही अंकलजी, असं तो म्हणाला. काकांनी ती चार दिवसांत तीनदा वाचली.

तेव्हापासून त्यांचा नेम सुरू झाला. सकाळी अंघोळ करून, भांग पाडून ते पुढच्या खोलीतल्या जुन्या संगणकापुढे बसत, ब्राउझरमध्ये राऊटरचा टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा पत्ता एका बोटाने टाइप करत आणि राऊटरचं पान उघडत. मग वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचत. वायरलेस मोड, चॅनल, सिक्युरिटी, जोडलेल्या मशीनची यादी. काही बदलायचं नसे. शेवटी रीतसर ‘लॉग आउट’ करून उठत. एकदा मी घाईत त्यांच्यासमोर ‘अप्लाय’चं बटण दाबलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता. “आधी वाचायचं, मग दाबायचं,” म्हणाले. पस्तीस वर्षं लोकांना न वाचता सह्या करताना पाहिलेला माणूस होता तो.

आमचं घर जुन्या पद्धतीचं, दगडी पट्ट्यांच्या छताचं आणि हातभर जाड भिंतींचं. उन्हाळ्यात गार राही, पण सिग्नल भिंतीशीच मान टाकी. काका लॅपटॉप दोन्ही हातांवर परातीसारखा धरून खोल्याखोल्यांतून फिरत आणि कुठे सिग्नलच्या किती रेघा येतात ते घराच्या नकाशावर मांडत. चॅनल एक, मग सहा, मग अकरा. राऊटर टेबलावरून कपाटावर गेला, तिथून दारावरच्या फळीवर. आंधी आली की घरभर वाळू होई, म्हणून काकू राऊटरवर बगरूच्या छापाचा एक रुमाल टाकत. सिग्नलला गुदमरतं, म्हणून काका तो काढत. हा रुमाल दिवसातून चार वेळा वरखाली होई आणि दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलत नसत.

गल्लीत त्यांचं नाव ‘राऊटरवाले अंकलजी’ पडलं. समोरच्या शेखावतजींचं वायरलेस पासवर्डशिवाय उघडं आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तर ते पुस्तिका बगलेत मारून त्यांच्याकडे गेले आणि दीड तास समजावून आले. पुढे निम्म्या गल्लीचे राऊटर त्यांनीच लावले. कुणी मिठाई दिली तर घेत नसत, पण पुस्तिका वाचीन असं वचन मात्र घेत.

या सगळ्या नियमांत एक नियम मला जाचक वाटे. रविवारी सकाळी नऊ ते दहा माझं नेट बंद असे. राऊटरच्या पानावर वेळापत्रक लावायची सोय होती, तिथे त्यांनी माझा लॅपटॉप त्या तासापुरता अडवून ठेवला होता. कारण मला काकूंकडून कळलं. त्या वेळी मागच्या खोलीत काकू आपल्या लॅपटॉपवरून मेलबर्नला, मुलीशी व्हिडिओवर बोलत असत. चित्र अडखळायला नको म्हणून काका बाकी सगळी दारं लावून घेत.

मुलगी म्हणजे अनघा, त्यांची एकुलती एक. सहा वर्षांपूर्वी तिने आई-वडिलांना न विचारता लग्न ठरवलं. काकांनी तिला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं होतं, कलमं घालून. चौथ्या कलमात लिहिलं होतं की यापुढे आपला आणि माझा पत्रव्यवहार वा संभाषण राहणार नाही. ‘आपला’ असं लिहिलं होतं, हे सांगताना काकूंचे डोळे भरून आले होते. अनघानेही ते कलम तंतोतंत पाळलं. ती फक्त आईशी बोले. काका त्या तासाला पुढच्या खोलीत राऊटरचं पान उघडून बसत. यादीत काकूंचा लॅपटॉप दिसतोय का, सिग्नल पुरेसा आहे का, यावर नजर ठेवून. मागच्या खोलीतलं हसणं त्यांना ऐकू येत असणार. दार त्यांनी कधी ओलांडलं नाही.

काकूंना संगणकातलं एकच काम येई, ते म्हणजे अनघाला फोन लावणं आणि तिचा घेणं. काकांना बाकी सगळं येई.

त्या वर्षी उन्हाळा वाईट गेला. आंध्या लागोपाठ आल्या आणि काकूंचा दमा पुन्हा उचलला. मी बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवस सांगलीला गेलो, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या होत्या, नव्या नवरीसाठी लहरिया ओढणी घेऊन. परत आलो तो दारात चपलांची गर्दी होती. काकू शनिवारी पहाटे गेल्या होत्या. आदल्या सोमवारी इस्पितळात नेलं, बुधवारी घरी आणलं, आता ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मग हे.

अनघा आली होती. उंच, शांत, वडिलांसारखं कपाळ. आठ दिवस ती त्या घरात राहिली आणि बापलेकीत जे काही बोलणं झालं ते माझ्यामार्फत. चहा घेणार का ते विचारा. विमानाची वेळ किती ते विचारा. तिला ऑफिसला मेल पाठवायची होती, तर काकांनी वायरलेसचा पासवर्ड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून माझ्या हातात दिला आणि तिला द्यायला सांगितलं. अर्ज भरून घेतला नाही. जाताना ती वाकून पाया पडली. काकांनी हात उचलला, तो तिच्या डोक्यापर्यंत पोचायच्या आत ती उभी राहिली होती.

पुढे महिना-दीड महिना काका नेमाने राऊटरचं पान वाचत राहिले, फक्त मनातल्या मनात. रविवारी माझं नेट नऊला बंद होई ते तसंच बंद होत राहिलं. विसरले असतील म्हणून मी काही बोललो नाही. पण एका रविवारी ऑफिसचं काम अडलं आणि मी सवलत मागायला खाली गेलो.

काका संगणकापुढे बसले होते, समोर तेच पान. मागच्या खोलीतून लॅपटॉपची रिंग ऐकू येत होती.

मी म्हटलं, “काका, आत फोन वाजतोय.”

“दर रविवारी वाजतो. चार-पाचदा वाजतो, मग ती थांबते.”

लॅपटॉप कुणी चालू केला असेल, हे विचारायची गरज नव्हती. पडद्यावरच्या यादीत काकूंचा लॅपटॉप पहिला होता.

“तुम्ही घेत नाही?”

“तो सुमनला येतो, अभयराव. मले नाही.” काका एरवी जपून बोलत. असं यवतमाळचं ‘मले’ त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी काय बोलून गेलो ते मलाच बोलल्यावर कळलं. “काकू गेल्या हे तिला माहीत आहे. मग ती फोन कुणाला करते?”

ते पानाकडे वळले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. आतली रिंग थांबली. मी सवलत न मागताच वर आलो.

पुढच्या रविवारी पावणेनऊला ते माझ्या दारात उभे. इस्त्रीचा बुशशर्ट, ताजी दाढी, खिशाला पेन. फोन कसा घ्यायचा ते दाखवाल का, असं त्यांनी विचारलं. गल्लीभर राऊटर लावलेला माणूस हे विचारायला चौदा पायऱ्या चढून आला होता, आणि मधे दोनदा थांबला असावा, कारण पावलं मी बराच वेळ ऐकत होतो.

मी हिरवं बटण दाखवलं. त्यांनी त्याची जागा वहीत लिहून घेतली. मग मला पुढच्या खोलीत बसून लाइनीवर लक्ष ठेवायला सांगितलं. दार उघडंच ठेवलं.

नऊला रिंग आली. ती बराच वेळ वाजली, इतका की आता थांबणार असं मला वाटलं. मग थांबली, आणि त्याच्या मागोमाग आवाज आला, “बाबा?”

काकांनी आधी विचारलं, आवाज येतो का. ती येतो म्हणाली. चित्र स्वच्छ आहे का. आहे म्हणाली. तिच्याकडे राऊटर कुठे ठेवलाय, मधे किती भिंती आहेत, चॅनल कोणता, हे सगळं त्यांनी विचारलं आणि तिने सगळ्याची उत्तरं दिली. सहा वर्षांनंतरचं हे बोलणं. मी हसू दाबत होतो.

मग ते थांबले. खुर्ची करकरली.

“अनघा, एक सांगायचं राहिलं. त्या गुरुवारी दुपारी तुझी आई म्हणाली, अनघाला लावा. मी म्हटलं, टेलिफोनवरून लावतो. तर म्हणाली, आवाज नको, तोंड पाहायचंय.”

खुर्ची पुन्हा करकरली.

“मी लॅपटॉप उघडला. मले लावता येत नव्हतं. सगळं वाचून पाहिलं, काय दाबावं ते कळेना. अभयराव गावी गेलेले. शेखावतांकडे जाऊन विचारता आलं असतं. त्यांचा राऊटर मीच लावला होता, मग कसं विचारू?” इथे त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “मी सुमनला सांगितलं, नेट बंद आहे. रविवारी लावू. ती बरं म्हणाली. रविवारची वाट पाहत राहिली. नेट चालू होतं, बेटा.”

मी राऊटरच्या पानाकडे पाहत बसलो, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने काकांनी हाक मारली. “अभयराव, लाइन गेली वाटतं. चित्र थांबलं.”

पानावर सगळं ठीक होतं. मी उठून आत गेलो. पडद्यावर अनघा होती, दोन्ही हात तोंडावर घट्ट धरलेले, कॅमेऱ्याकडे बघणारी, अजिबात न हलणारी. तिच्या मागे उघडी खिडकी होती आणि खिडकीचा पांढरा पडदा वाऱ्याने हलत होता.

“लाइन आहे, काका,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. त्या हलणाऱ्या पडद्याकडे आणि मग मुलीकडे पाहिलं.

“बरं,” म्हणाले. “मग मी थांबतो.”

आणि खुर्ची पुढे ओढून, हात मांडीवर ठेवून, ते तिच्या समोर बसून राहिले.